एका विद्यार्थ्याचा वर्ग

वर्ग सोडणं मला कधीच जड गेलं नाही. पटवेगार सरांचा जादा गणिताचा वर्ग मी पहिल्याच आठवड्यात सोडला आणि त्या दिवशी बोर्डिंगात एक भाकरी जास्त खाल्ली. पुढं आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी अशाच सोडल्या. त्यामुळं सोडता न येणारी माणसं मला नेहमी थोडी खुळी वाटत आली आहेत. तशी दोन माणसं मी कोल्हापुरात एकाच वेळी पाहिली. त्यातले एक स्वतः पटवेगार सर आणि दुसरा माझ्या खोलीतला यसबा.

ही महाराजांच्या अमदानीतली गोष्ट आहे. जातीजातींची बोर्डिंगं नुकतीच उभी राहिली होती. ज्यांच्या घरात कुणी पाटी पाहिली नव्हती अशी आम्ही पोरं डोक्याला फेटा आणि पायात करकरीत वहाणा घालून कॉलेजात जाऊ लागलो होतो. मास्तरांतही नवे चेहरे दिसत होते. पटवेगार सर त्यांतलेच. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या दागिने रेशमात गुंफणारं. हुपरीहून चांदीचे मणी यायचे आणि बाजारातल्या त्यांच्या अरुंद दुकानात ते ओवले जायचे. थोरले भाऊ दुकान बघत. सरांनी मात्र गणितात मुंबईची मोठी परीक्षा दिली आणि ते आमच्या कॉलेजात रुजू झाले. त्यांच्या आईला शेवटपर्यंत वाटत होतं की इमामला कुठं चांगली नोकरी मिळाली नाही म्हणून तो पोरांना शिकवतो.

सर उंच आणि काटकुळे होते. लाल तुर्की टोपी, काळा लांब कोट, आणि त्या कोटाच्या उजव्या बाहीवर खडूचा पांढरा पट्टा. तो पट्टा धुऊनही जात नसे. तासाला आले की आधी ते खडूचे दोन तुकडे करत. एक खिशात टाकत आणि दुसऱ्यानं लिहीत. वर्गात खुर्ची होती, पण ती त्यांच्यासाठी नव्हती. ते कधी बसत नसत. उत्तर चुकलं तर 'चूक' म्हणत नसत, नुसतं 'पुन्हा' म्हणत. आवाज चढवत नसत आणि मानही हलवत नसत. त्या एका शब्दाची आम्हाला इतकी धास्ती होती की एखादा छडी खाऊन मोकळा झाला असता तर बरं, असं वाटे. एकदा कॉलेजावरून महाराजांची गाडी गेली. सगळा वर्ग खिडकीशी धावला. सर फळ्याकडे तोंड करून लिहीतच राहिले. गाडी गेल्यावर म्हणाले, "बघितलं? बरं झालं. आता हितं काय राहिलंय ते बघा."

शकुन-अपशकुन, नवस, ताईत यांच्यावर त्यांचा फार राग. आपल्या घरच्या ताईतांनाही ते सोडत नसत. एकदा चाचणीचा पेपर सुरू होणार तेवढ्यात पुढच्या बाकावरचा एकजण शिंकला. मागच्या चौघांनी लेखण्या खाली ठेवल्या. शिंक झाली, आता थोडं थांबलं पाहिजे. सरांनी विचारलं, "किती वेळ थांबायचं?" कुणालाच सांगता येईना. मग सरांनी शिपायाकडून तपकिरीची डबी मागवली आणि बाकाबाकावरून फिरवून प्रत्येकाला चिमूट ओढायला लावली. अख्खा वर्ग शिंकू लागला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. सर शांतपणे म्हणाले, "सगळ्यांचाच अपशकुन झाला. आता हिशेब सारखा झाला. लिवा."

कॉलेजच्या तासांखेरीज ते सकाळी लवकर एक जादा वर्ग घेत. हा वर्ग ऑनर्सच्या गणिताचा. तो सक्तीचा नव्हता. दरवर्षी डझनभर पोरं हौसेनं बसत आणि दिवाळीच्या आत सगळी गळत. वर्ग सोडायची सरांची एक रीत होती. सोडणाऱ्यानं मागच्या दारानं पळायचं नाही. त्यानं समोर यायचं, "सर, मी सोडतो" एवढं म्हणायचं, आणि सर त्याच्याशी हात मिळवायचे. कारण विचारत नसत. "दार उघडंच हाय," एवढंच म्हणत. माझ्याशीही त्यांनी असाच हात मिळवला होता. त्यांची बोटं खरखरीत होती. ती खडूनं तशी झाली होती की लहानपणी ओढलेल्या रेशमी दोऱ्यानं, कोण जाणे.

त्या वर्षी मात्र एकजण गळाला नाही. यशवंत, म्हणजे आमचा यसबा. गगनबावड्याच्या अलीकडं, डोंगराच्या कुशीत त्यांचं गाव. घरी भाताची खाचरं, चार म्हशी आणि म्हातारा बाप. त्याला तो आबा म्हणायचा. मी आजऱ्याकडचा. आमच्याकडंही पाऊस काही कमी नसतो, पण यसबा पावसाच्या गोष्टी सांगू लागला की मला आपण कोरडवाहू मुलखातले वाटू लागे. अंगानं दणकट, बोलायला मंद. इंग्रजी वाचताना ओठ हलायचे. पण गणितात मात्र त्याचं काही निराळंच होतं. पहिल्याच महिन्यात सरांनी फळ्यावर एक उदाहरण घातलं आणि त्याला पुढं बोलावलं. यसबानं भलत्याच बाजूनं सुरुवात केली. आम्ही 'पुन्हा' ऐकायला कान टवकारले. (वर्ग सोडला असला तरी त्या दिवशी मी दाराशी होतो. गंमत बघायला मी कुठंही जायचो.) 'पुन्हा' आलंच नाही. यसबानं शेवटची ओळ लिहिली आणि उत्तर बरोबर निघालं. सर फळ्याकडे बघत राहिले आणि मागं सरकत सरकत पहिल्या बाकावर बसले. ते बसलेले आम्ही पहिल्यांदाच पाहिले.

"ही वाट कुणी दावली तुला?" त्यांनी विचारलं.

"कुनी न्हाय, सर," यसबा म्हणाला. "तिकडनं जवळ वाटलं म्हणून गेलतो."

त्या दिवसापासून सर बदलले. एरवी कुणी आलं काय, गेलं काय, त्यांना सारखंच. आता सकाळी यसबाला यायला उशीर झाला की ते व्हरांड्यात येऊन बोर्डिंगच्या रस्त्याकडं बघत उभे राहत. एकेक पोर गळत गेलं आणि वर्गात यसबा एकटाच उरला. प्रिन्सिपॉलसाहेबांनी सरांना बजावलं होतं की एका मुलासाठी वर्ग चालू देतो तो याच वर्षी, आणि तोही कुणीतरी परीक्षेला बसतंय म्हणून. हे शिपायाकडून आम्हाला कळलं होतं. सरांनी इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो विद्यार्थी मिळाला होता, आणि तो गेला तर वर्गही जाणार होता.

यसबाचं ओझं मात्र दिवसागणिक वाढत होतं. कॉलेजचे सगळे विषय इंग्रजीतून. पाठच्या बाकाची पोरं ज्या पानाला दहा मिनिटं घेत, त्याला यसबाचा तासभर जाई. सकाळी जादा गणित, मग कॉलेज, आणि संध्याकाळी बोर्डिंगातल्या लहान पोरांना शिकवायचं काम, कारण त्याच बोलीवर त्याला बोर्डिंगात जागा मिळाली होती. आधी त्याचं जेवण कमी झालं. मग तो माझा कोट घालून कॉलेजात गेला आणि मी सांगेपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही. इंग्रजीच्या तासाला उभ्या उभ्या डुलकी लागली म्हणून प्रोफेसरांनी त्याला वर्गाबाहेर काढलं. सहामाहीत इंग्रजी आणि तर्कशास्त्र दोन्हीत तो आपटला. नाकातून रक्त येऊ लागलं. तो मान मागं करून आडवा पडायचा आणि त्या अवस्थेतही पुस्तक डोळ्यांवर धरायचा.

"यसबा, तो वर्ग सोड," मी म्हटलं. "सर हात मिळवतील आणि सोडून देतील. मला बघ."

"तुझं बरं हाय," तो म्हणाला. एवढंच.

कॉलेजचा दंडक असा होता की परीक्षेला बसणाऱ्यांची नावं दिवाळीआधी मुंबईला जात. जादा विषयासकट नाव गेलं की मग माघार नाही. तो पेपर बुडाला किंवा त्यात आपटलं तर सगळं वर्ष वाया. आणि वर्ष वाया गेलं की बोर्डिंगची जागा गेली. यसबाच्या बाबतीत जागा गेली म्हणजे शिक्षण संपलं. नावं जायला आठवडा उरला होता. आमच्या खोलीत कुणी तारखेचं नाव काढत नसे, पण दोघांच्याही डोक्यात तीच होती.

मग ती सकाळ आली. त्याच्यासाठी घरून लोणी आलं होतं, ते द्यायला मी वर्गाशी गेलो होतो. आत यसबा फळ्यापाशी खडू घेऊन उभा. मोठं उदाहरण अर्ध्यावर आलेलं. हात वर तसाच थांबलेला. सरांनी वाट बघितली. मग यसबा वळला आणि म्हणाला, "सर, सात आठं किती?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याचा चेहरा तसा नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. ज्या पोरानं सरांना बाकावर बसवलं होतं, त्याला पाढा आठवत नव्हता. तो बोटं मोजू लागला आणि बोटंही चुकू लागली. सरांनी पुढं होऊन त्याच्या हातातला खडू काढून घेतला.

"यशवंता, बस," ते म्हणाले. "वर्ग सोड."

"सोडता येत न्हाय, सर."

"दार उघडं हाय. मी कुणाला धरून ठेवलंय का?"

"तुमी न्हाय धरलं." यसबा बाकावर खाली मान घालून बसला. "कौल झालाय."

तेव्हा सगळं बाहेर आलं. जूनमध्ये जादा वर्गाचं ठरत होतं तेव्हा आबांनी गावदेवीला कौल लावला होता. आमच्या त्या मुलखात हे नवीन नाही. पेरणी असो, लग्न असो, म्हैस घ्यायची असो, गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवतो, सवाल सांगतो, आणि सगळे बघत बसतात. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आबांनी विचारलं होतं, पोरानं हे मोठं गणित घ्यावं आणि तडीस न्यावं का? उजवं पडलं. म्हातारा देवळातच रडला आणि गावभर गूळ वाटला.

सर ऐकता ऐकता लाल झाले. तपकिरीची डबी आता निघते की काय असं मला वाटलं. "फूल का पडतं?" ते म्हणाले. "ओलं किती, जड किती, गुरवानं दाबलं किती. ह्यात देवी कुठं हाय?"

"ते मला कळतंय की, सर. आबाला न्हाय कळत." यसबानं मान वर केली. "मी आता सोडला आन् उद्या रेडकू मेलं, भात बसलं, कुणाच्या घरात ताप आला, तर आबा म्हणणार, माझ्या पोरानं शबूद मोडला म्हणून झालं. त्यो मला एक अक्षर बोलणार न्हाय. पर मरंस्तवर तेच धरून बसणार. मी हितं शिकून काय करू मग?"

सरांनी हातातला खडू खिशात टाकला. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "शनिवारी दुपारी गाडी मिळंल का रं, आजरेकर?" मला ते गावाच्या नावानंच हाक मारत.

"कुठं जायला?"

"देवीला पुन्हा इचारायला."

छकडा मिळाला. शनिवारी दुपारी आम्ही तिघं निघालो. वाटेत एका ओळखीच्या घरी पाठ टेकली आणि रविवारी सकाळी गाव गाठलं. कोल्हापुरात ऊन पडलं होतं; इथं ढग अंगावर येत होते आणि पावसाची झिमझिम चालूच होती. सरांच्या लाल टोपीचा रंग ओघळून कानामागं उतरला होता. यसबा माझ्या खांद्याला डोकं लावून झोपला होता आणि खड्डा आला की झोपेत आकडे पुटपुटत होता. मंगळवारी नावं जाणार होती.

गावात शिरताच लोकांनी घेरलं. "पावणं कुठलं म्हनायचं?" "कॉलिजातलं मास्तर हायत, यसबाचं!" आबा धावत आले. एवढासा म्हातारा, डोक्याला भलं मोठं मुंडासं. सरांच्या पायाशी वाकू लागले तर सरांनी त्यांना वरच्या वर धरलं. पत्रावळीवर नाचणीची भाकरी, आमटी आणि तांब्याभर दूध आलं. आबा समोर बसून सरांचा घास न् घास बघत होते.

"मास्तर, पोरगं बारीक झालंय," ते हळूच म्हणाले.

"व्हय. म्हणूनच आलोय," सर म्हणाले. "पुन्हा एकदा कौल लावायचा. सवाल माझा."

आबा दचकले. झालेल्या कौलावर पुन्हा विचारणं चांगलं नसतं. पण पावणे मास्तर इतक्या लांबून आले होते, आणि सवाल त्यांचा होता. आबांना नाही म्हणवेना. त्यांनी गुरवाला बोलावणं धाडलं.

देऊळ छोटं, कौलारू. सर उंबऱ्याबाहेर थांबले. "आत या की, मास्तर," गुरव म्हणाला. "मी हितं बरा हाय," सर म्हणाले आणि वळचणीखाली उभे राहिले. गाव जमत होतं. तेवढ्यात गुरव फुलांची परडी घेऊन त्यांच्याजवळ आला. मी शेजारीच होतो. त्यानं आवाज खाली आणला.

"पोराची दशा दिसतीया, मास्तर. कंचं पायजे तेवढं सांगा. फूल जरा सैल लावतो. कुनाला कळायचं न्हाय."

माझा जीव भांड्यात पडला. चला, सुटला यसबा. मी सरांकडं बघितलं, हो म्हणतील म्हणून. सरांनी गुरवाकडं रोखून बघितलं, पण रागानं नव्हे.

"न्हाय," ते म्हणाले. "दोन्ही सारखी लाव."

मी त्यांची बाही ओढली. "सर, तुमचा तर विश्वासच नाही यावर!"

"माझा न्हाय. त्या म्हाताऱ्याचा हाय. त्याला फशिवून पोराला सोडवू? मग मी त्याला गणित काय शिकवलं?"

मला त्या क्षणी त्यांचा अतिशय राग आला. आजही तो पुरता गेलेला नाही. एका फुलाचा प्रश्न होता. पण ते ऐकणारे नव्हते.

गुरवानं फुलं पाण्यात बुडवली, दोन्ही बाजूंना सारखी चिकटवली आणि मोठ्यानं सवाल सांगितला: ह्या पोरानं मास्तरांचा वर्ग सोडावा का? सोडायचा असंल तर उजवं दे, न्हायतर डावं दे. हवेत इतकी ओल होती की फुलं घट्ट बसली होती. हालत नव्हती. यसबा गाभाऱ्याच्या दाराशी गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. आबांचे ओठ हलत होते. वळचणीचं पाणी सरांच्या खांद्यावर गळत होतं आणि ते सरकत नव्हते. ज्यांनी अख्ख्या वर्गाला तपकीर ओढायला लावली ते पटवेगार सर डोळ्यांची पापणी न हलवता एका उजव्या फुलाकडं बघत होते. ते फूल थोडं खाली घसरलं. घसरलं आणि तिथंच राहिलं.

मग डावं पडलं.

"डावा! डावा!" गाव ओरडलं. आबांनी हात जोडले आणि कपाळ जमिनीला टेकवलं. देवीनं पुन्हा तेच सांगितलं होतं. यसबानं डोकं वर केलं. त्याच्या तोंडावर रडू नव्हतं, काहीच नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. तो उठला आणि कोरड्या आवाजात म्हणाला, "चला सर. उद्याच्या तासाला पोचाय पायजे."

सर हलले नाहीत. "आबा," त्यांनी हाक मारली. "देवीनं पोराला काय सांगितलं?"

"वर्ग सोडू नगं म्हनून सांगितलं की."

"आणि मला?"

आबा गोंधळले. त्यांनी गुरवाकडं बघितलं. गुरवानं आबांकडं. "तुमास्नी? तुमचं कुटं काय इचारलंय?"

"न्हाय ना इचारलं? मग माझं मी ठरवतो." सरांचा आवाज एवढा शांत होता की मागची माणसं पुढं सरकली. "पोरानं सोडायचा न्हाय. त्यानं सोडलेला न्हाय. वर्ग मी बंद करतोय. शिकवणाराच न्हाय म्हटल्यावर पोरगं काय करील? त्याचा शब्द राहिला. तुमच्या भाताला काय व्हायचं न्हाय, आबा. झालंच तर माझ्या नावावर घाला."

क्षणभर कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पहिल्यांदा यसबाच्या आलं. तो पायऱ्या उतरून सरांच्या अंगावर गेल्यासारखा आला. "सर, असं करायचं न्हाय! त्यो वर्ग परत उघडणार न्हाय, मला ठावं हाय. शिपायानं सांगितलंय. तुमी एवढी वर्सं..." त्यानं सरांचा ओला कोट दोन्ही मुठींत धरला आणि हलवू लागला. सरांनी त्याला हलवू दिलं. मग त्यांनी त्याच्या मुठी हळूहळू सोडवल्या.

"सात आठं किती?" त्यांनी विचारलं.

यसबा आपल्या बोटांकडं बघू लागला.

"ते पाठ करून ये. बाकीचं ऱ्हाऊ दे," सर म्हणाले, आणि छकड्याकडं चालू लागले. आबा तिथंच उभे होते. म्हातारा अडाणी होता, पण आपल्या पोरासाठी समोरच्या माणसानं काय टाकून दिलं हे त्याला समजलं असावं. तो पावसात मुंडासं काढून छकड्याच्या मागं गावाच्या वेशीपर्यंत चालत आला.

मंगळवारी नावं मुंबईला गेली. यसबाचं नाव गेलं, जादा विषयाशिवाय. प्रिन्सिपॉलसाहेबांनी वर्ग बंद केला आणि पुढच्या वर्षापासून सरांना सगळ्यांत खालच्या वर्गांचं गणित दिलं. सरांनी ते मुकाट्यानं घेतलं. सकाळी सवयीनं ते लवकर येत. रिकाम्या वर्गाच्या दाराशी उभे राहत आणि शिपाई झाडायला आला की निघून जात. मी ते दोनदा पाहिलं आणि मग त्या बाजूनं जायचं टाळलं. मला बघवत नव्हतं.

यसबा पास झाला. फार वर नाही, पण झाला. निकाल कळल्यावर बोर्डिंगात त्याला खांद्यावर घ्यायचं ठरलं होतं, तर हा गायब. मी शोधत बाजारात गेलो. सरांच्या दुकानात हा पायरीवर बसलेला, आणि सर आत भावाच्या शेजारी मणी ओवत होते.

"सर, फळा कुटं हाय?" यसबा विचारत होता.

"कसला फळा? वर्ग बंद झालाय."

"तुमी बंद केलाय. मी कुटं सोडलाय?"

सरांचे थोरले भाऊ हसू लागले. सरांनी ओवता दोरा खाली ठेवला. कपाळाला आठी घालून ते यसबाकडं बघत राहिले. मग आत गेले आणि बऱ्याच वेळानं दगडी पाटी घेऊन बाहेर आले. डोळे पुसले होते ते आम्हाला दिसू नये म्हणून पाटीच पुसत बसले.

त्यानंतर ते चालूच राहिलं. यसबा पुढं बांधकाम खात्यात लागला, त्याचं लग्न झालं, पोरं झाली, बदल्या झाल्या. पण कोल्हापुरात असला की रविवारी सकाळी तो सरांकडं जाणार. परीक्षा नाही, मुंबईला जाणारं नाव नाही, कुणाला दाखवायचं नाही. आम्ही त्याची चेष्टा करायचो की ह्या गड्याचं अजून कॉलेज सुटलं नाही. तो हसायचा आणि जायचा.

सर थकल्याचं कळलं तेव्हा मी शाळेत मास्तर होतो. एका रविवारी त्यांना बघायला गेलो. ते बाजेवर पडले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, दिसणं जवळजवळ गेलेलं. खाली पाटी मांडीवर घेऊन यसबा बसला होता. त्याच्या मिशाही आता पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. तो एकेक पायरी मोठ्यानं वाचत होता आणि सर ऐकत होते. मध्येच हात वर करून म्हणत होते, "पुन्हा." यसबा निमूटपणे पुसून पुन्हा करत होता. मी थोडा वेळ कान देऊन ऐकलं. मला गणित फारसं येत नाही, पण हे उदाहरण मी ऐकलेलं होतं.

यसबा पाणी आणायला आत गेला तेव्हा मी सरांना विचारलं, "सर, हे तर फार आधीचं. एवढ्या वर्षांत तुमचं पुस्तक संपलं नाही?"

"शेवटचं एक प्रकरण राहिलंय," सर म्हणाले.

"मग ते घ्या की."

सरांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "ते शिकवलं की त्याच्या बापाचा कौल पुरा झाला, आजरेकर. मग त्यो मोकळा. मग रविवारी कशाला यील?"

यसबा तांब्या घेऊन दारात उभा होता. त्यानं ऐकलं होतं. त्यानं सरांना उठवून बसवलं, पाणी पाजलं, धोतराच्या सोग्यानं त्यांची दाढी टिपली आणि पुन्हा खाली बसून पाटी मांडीवर घेतली.

"सर, मागचं सगळं इसरलोय," तो म्हणाला. "पैल्यापास्नं घ्या."